चाळीस आणि तीस, पन्नास

शाळेची गाडी चालवणाऱ्या आप्पांना गाडीतळावरचे बाकीचे ड्रायव्हर ‘गोगलगाय’ म्हणत. पाठीमागे म्हणत तसंच तोंडावरही म्हणत, आणि आप्पा हसून घेत. पन्नासची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ते काटा पन्नासच्या वर जाऊ देत नसत. शाळेच्या फाटकापाशी तर गाडी इतकी हळू घेत की उशीर झालेली पोरं दप्तर सांभाळत पळत येऊन तिला गाठत. आप्पांची गाडी पुढे असली की हॉर्न वाजवायचा नाही, गाणं म्हणायचं, असा गाडीतळाचा नियमच होता.

अशा माणसाने एका संध्याकाळी रस्त्यातल्या सिमेंटच्या ठोकळ्यांना गाडी धडकवली, आणि वर तपासणीला आलेल्या साहेबांपुढे कबूलही केलं की हो, मी सत्तरने चाललो होतो. बातमी गाडीतळावर पोचली तेव्हा चहा पिता पिता लोक थांबले. “गोगलगाय अन् पोटात पाय!” असं म्हणत लंबू नावाने ओळखला जाणारा उंच ड्रायव्हर मांडीवर थाप मारून हसला. त्या दिवसापासून लोक आप्पांकडे जरा आदराने बघायला लागले, आणि सगळ्यात वाईट तेच होतं.

वाईट अशासाठी, की आप्पा सत्तरने चाललेच नव्हते. नेहमीसारखे पन्नासनेच चालले होते. त्यांना ते ठोकळे दिसले नव्हते.

गेल्या थंडीपासून आप्पांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग येऊन बसला होता. आजूबाजूचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. घरात न सांगता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. “पडदा झिजत चाललाय. चष्म्याने किंवा ऑपरेशनने हे भरून येणार नाही. आहे ते सांभाळायचं. गाडी मात्र आता बंद करा.” आप्पांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

गाडी सोडायची म्हणजे काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं. खुर्चीत बसायचं. बायको शिवणाच्या मशीनवर बसलेली असणार, आपण तिच्या समोर बसायचं, आणि कोणीतरी हाताला धरून कोपऱ्यावर नेऊन आणेल त्याची वाट बघायची. त्या खुर्चीची त्यांना मरणापेक्षा भीती वाटे. त्यापेक्षा रस्ता बरा होता. रस्ता त्यांना तोंडपाठ होता. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, कुठल्या दारात कोणाचं कुत्रं पसरलेलं असतं, सगळं. हलणारी माणसं आणि गाड्या कडेच्या नजरेला कळायच्या. परवान्यासाठी डोळे तपासतात तिथे तर त्यांनी कमालच केली होती. रांगेत पुढच्यांनी वाचलेली अक्षरं ऐकून पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून घडाघडा म्हणून दाखवली. “काका, या वयात काय नजर आहे हो!” असं तपासणारी बाई म्हणाली, तेव्हा आप्पांनी चक्क लाजून दाखवलं.

पण पाठांतराचं एक असतं. पुस्तकात नवा धडा घुसला की केलेलं पाठांतर वाया जातं. त्या दिवशी शेवटचं मूल उतरवून रिकामी गाडी घेऊन ते पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावरून वळले. सकाळपर्यंत तिथे मोकळा रस्ता होता. दुपारी नळ घालायला तो खणला गेला होता आणि खड्ड्याच्या अलीकडे राखाडी ठोकळे आडवे ठेवले होते. राखाडी रस्ता, राखाडी ठोकळे, उतरतं ऊन. मजूर निशाण हलवत ओरडला, तेव्हा कुठे आप्पांचा पाय ब्रेकवर गेला. चाकं जागच्या जागी घट्ट बसली, गाडी किंचाळत घसरली आणि ठोकळ्यांवर आदळली. मजुराने खड्ड्यात उडी टाकली म्हणून वाचला. मनगट मुरगळलं, तेवढंच.

“काका,” खड्ड्यातून वर येत तो म्हणाला, “केवढा वेळ हात करतोय मी! दिसलो नाही का?”

आप्पांनी मागच्या रिकाम्या बाकांकडे वळून बघितलं. पोरं उतरली होती, पोरं उतरली होती, एवढंच ते मनात म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी वाहन तपासणीचे साहेब फीत घेऊन आले. माणूस सरळ होता, कामाचा होता, पण घाईत होता. रस्त्यावर घसरलेल्या टायरचे काळे पट्टे त्यांनी मोजले. नऊ मीटर. खिशातला तक्ता काढून त्यांनी बघितलं. “नऊ मीटरमध्ये गाडी पूर्ण थांबली असती तर वेग चाळीस असता.” मग गाडीचं चेपलेलं नाक मोजून दुसरा तक्ता बघितला. “धडक बसली ती तीसने. म्हणजे चाळीस घसरण्यात गेले आणि तीस उरले. चाळीस आणि तीस, सत्तर. काका, पन्नासच्या रस्त्यावर सत्तर?”

आप्पांना क्षणभर काही कळेना. मग कळलं. बुडत्याच्या हाताला काडी नाही, चांगली फळी लागली होती. वेगात होता म्हणून धडकला. यापुढे कोणी काही विचारणारच नाही. दिसलं का नाही, डोळे कसे आहेत, काही नाही. महिनाभर परवाना जप्त होईल, चार लोक बोलतील आणि महिन्याने पुन्हा गाडी हातात येईल.

“चुकलं साहेब,” आप्पा मान खाली घालून म्हणाले. “सत्तरच होतो.”

हे सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण आप्पांना एक लेक होती, आणि ती शाळेत विज्ञान शिकवत होती.

लेकीचं घर पलीकडच्या गल्लीत. रविवारी ती नवऱ्याला घरी ठेवून, मुलीला घेऊन माहेरी जेवायला यायची. तिची मुलगी, छोटी, पहिलीत होती आणि आजोबांच्याच गाडीने शाळेत जायची. गाडीचा पहिला थांबा तिचा, म्हणून ड्रायव्हरशेजारची जागा तिची. त्या जागेवरून तिने आजवर दोन मैत्रिणी तोडल्या होत्या.

जेवणं झाली. लेक म्हणाली, “आप्पा, हे सत्तरचं काय प्रकरण आहे? मला पटत नाही.”

“पटायचं काय त्यात? चुकलो. माणूस चुकतो.”

“माणूस चुकतो, तुम्ही नाही,” आतून बायको म्हणाली. “माझ्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या, हीच व्हायची होती, तेव्हासुद्धा हे पन्नासच्या वर गेले नाहीत. मी ओरडत होते, आणि हे म्हणतात, पुढे शाळा आहे. ते आता रिकामी गाडी सत्तरने पळवतील? कशासाठी? चहा थंड होत होता म्हणून?”

“अगं, तू गप्प बस.”

“का गप्प बसू? चोराला चोर म्हणा, पण गोगलगायीला घोडा म्हणू नका.”

लेक हसली नाही. तिने साहेबांनी सत्तर कसे काढले ते आप्पांकडून दोनदा वदवून घेतलं. आप्पांनी सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, आकडे चुकीचे सांगावेत, पण खोटं बोलायची त्यांना तितकीशी सवय नव्हती आणि जी होती ती सगळी डोळ्यांवर खर्च झाली होती. ऐकता ऐकता लेकीचा चेहरा बदलला. “बेरीज केली? वेगांची बेरीज?” ती उठली आणि आईच्या मशीनवरचा बटणांचा डबा उचलून आणला.

“हे बघा. गाडी धावते तेव्हा तिच्या अंगात ऊर्जा असते. गतिज ऊर्जा. पण वेग दुप्पट झाला की ती दुप्पट होत नाही, चौपट होते. वेगाचा वर्ग लागतो. समजा दहाच्या वेगाला एक बटण. मग वीसला किती?”

“दोन,” छोटी म्हणाली.

“चार. दोनाच्या दोन रांगा. तीसला तीनाच्या तीन, नऊ. चाळीसला चाराच्या चार, सोळा.” टेबलावर तिने पांढऱ्या बटणांचा एक चौकोन मांडला आणि शेजारी काळ्या बटणांचा एक लहान. “ब्रेक लावला म्हणजे काय केलं? ऊर्जा रस्त्यावर घासून टाकली. नऊ मीटर घासल्यावर किती गेली? सोळा बटणं. ही पांढरी. ठोकळ्यांना धडकताना किती उरली होती? तीसची, म्हणजे नऊ. ही काळी. आता मूळची किती होती?”

तिने काळी बटणं पांढऱ्यांच्या दोन बाजूंनी लावली. एक मोठा चौकोन झाला. पाचाच्या पाच रांगा, एकही बटण कमी नाही की जास्त नाही. आप्पांना मधली बटणं दिसत नव्हती, पण कडा दिसत होत्या. कडा सरळ होत्या.

“पंचवीस,” लेक म्हणाली. “पंचवीस म्हणजे पन्नासचा वेग. चाळीस आणि तीस, पन्नास! सत्तर नाही! आप्पा, तुम्ही पन्नासनेच होतात!”

बायकोने ओले हात पदराला पुसले आणि बटणांकडे बघून विजयी चेहऱ्याने म्हणाली, “मी काय सांगत होते?”

आप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. हसायची वेळ होती आणि त्यांना घाम फुटला होता. “असं कसं,” ते म्हणाले. “पन्नासवरून तीस म्हणजे वीसच कमी झाले. आणि तू म्हणतेस चाळीसची बटणं गेली. साहेब शिकलेले आहेत.”

“तीच तर गंमत आहे. पन्नासवरून तीसवर यायला जेवढी ऊर्जा जाते, तेवढीच चाळीसवरून पूर्ण थांबायला जाते. पंचवीसातून नऊ गेले सोळा. वरच्या वेगातले वीस महाग असतात. आणि सत्तरने असतात तर एकोणपन्नास बटणं लागली असती. सोळा घसरण्यात गेली, नऊ धडकेत. बाकीची चोवीस कुठे गेली?”

“मी खाल्ली!” आप्पा ओरडले. “मी गाडीत होतो का तू? मी सांगतोय सत्तर, तर सत्तर!”

छोटी दचकून आजीला चिकटली. लेक बघतच राहिली. निर्दोष ठरल्याबद्दल चिडलेला माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

“अहो, झालंय काय तुम्हाला?” बायको म्हणाली. “पोरगी तुमची अब्रू वाचवतेय.”

आप्पा खुर्चीत बसले. आता काय बोलणार? नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार, हो म्हणावं तर साहेबांपुढे जावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलणारी स्वतःची लाडकी लेक. तिच्या डोळ्यांत बापाबद्दलचा अभिमान इतका उघडा होता की त्यांना तिचा राग येईना, आणि राग येईना म्हणून जास्तच कोंडल्यासारखं झालं. खोलीची खिडकी उघडी होती तरी त्यांनी ती उघडायला सांगितली.

आठवडाभर ते सुटकेची वाट शोधत राहिले. ताप आल्याचं सांगून बघितलं, बायकोने तापमापी लावली. साहेब रजेवर असल्याचं सांगितलं, लेकीने फोन करून वेळच घेतली. लंबू भेटला तर म्हणाला, “आप्पा, ऐकलं ते खरं का? सत्तर नव्हतेच? मग आम्ही उगाच तुम्हाला मानायला लागलो.” सगळं जग आप्पांना निर्दोष करायला कंबर कसून उभं होतं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायला कोणी देईना.

शुक्रवारी लेक त्यांना घेऊन तपासणी कार्यालयात गेली. साहेबांनी तिला बोलू दिलं. बटणं नव्हती, म्हणून तिने कागदावर चौकोन काढले. साहेब आधी हसले, मग पुढे झुकले, मग त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि सगळं पुन्हा करून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“पन्नास,” ते म्हणाले. आणि जरा वेळाने, कोणाकडे न बघता, “मी तर कायम बेरीजच करत आलोय.”

साहेबांच्या मनात किती धडका आणि किती चेपलेली नाकं फिरत होती ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी कपाट उघडून आप्पांचा परवाना काढला, टेबलावर ठेवला, आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाले, “काका, माफ करा. सोमवारपासून गाडी चालवा. शाळेला मी कळवतो.”

स्वतःच्याच चुकीत साहेब इतके बुडाले होते की पुढचा प्रश्न विचारायचं त्यांना सुचलंच नाही. आप्पांच्या छातीवरचा दगड हलला. सुटलो, त्यांना वाटलं. देव आहे.

लेक मात्र अजून लिहीत होती. अंगात वारं शिरल्यासारखी ती म्हणाली, “आणि अजून एक पुरावा देते साहेब. तुमच्याच नकाशात आहे. वळणापासून ठोकळ्यांपर्यंत पंचेचाळीस मीटर. सत्तरने असते तर एवढ्यात थांबणं कोणालाच जमलं नसतं. पण पन्नासला ब्रेकवर पाय जाईपर्यंत चौदा मीटर, घसरून थांबायला चौदा. अठ्ठावीसमध्ये गाडी उभी. म्हणजे आप्पा तर...”

पेन थांबलं.

“म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं.

लेकीने कागदाची घडी घातली. एकदा, मग आणखी एकदा. “काही नाही,” ती म्हणाली. “झालं एवढंच.”

येताना दोघं बसमध्ये शेजारी बसले. लेक खिडकीबाहेर बघत होती. आप्पा तिच्याकडे बघत होते, पण तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना दिसायची सोय नव्हती. चेहऱ्याच्या जागी तोच धुरकट डाग, आणि भोवती केस, कान, बसची दांडी. तिला कळलं का? कळलं असतं तर बोलली असती. लहानपणापासून पोटात काही ठेवत नाही. नसेलच कळलं. असं त्यांनी स्वतःला तीन थांब्यांपर्यंत समजावलं.

उतरताना ती म्हणाली, “आप्पा, तुम्हाला मला काही सांगायचंय का?”

“काय सांगायचं? सुटलो. तुझ्यामुळे सुटलो.”

“हो,” ती म्हणाली, आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना पायरीवरून उतरवलं. हात नको तितका घट्ट धरला होता.

रविवारी ती जेवायला आली नाही. छोटीला सर्दी झाली म्हणाली. आप्पा दिवसभर दाराकडे कान लावून होते. बायकोने त्यांचा गणवेश इस्त्री करून ठेवला, गुंड्या नीट लावल्या आणि म्हणाली, “आता तरी हसा. फास सुटला गळ्याचा.” आप्पा हसले. फास सुटला नव्हता, फक्त दोरीचं टोक आता दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हतं. साहेबांनी सोडलं, शाळेने सोडलं, गाडीतळाने सोडलं. अडवणारं कोणी उरलं नाही म्हणजे किती कोंडल्यासारखं होतं, ते त्यांना त्या दुपारी कळलं. हे वर्ष तेवढं काढू, मग सोडू, असं त्यांनी ठरवलं. मागच्या वर्षीही असंच काहीतरी ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी गाडी काढली. नवं नाक बसवलेली गाडी चकचकीत होती. उजेड अजून कोवळा होता. त्यांनी पाठ असलेला रस्ता पाठ म्हणावा तसा कापला, गल्लीत वळले, आणि लेकीच्या दारापाशी गाडी उभी करून नेहमीचा छोटासा हॉर्न दिला.

दोघी दारातच उभ्या होत्या. छोटीच्या पाठीवर दप्तर होतं, पायांत बूट होते. ती धावत यायला निघाली, तर लेकीने तिचा हात सोडला नाही.

“आज आम्ही चालत जातो, आप्पा.”

“चालत? एवढं लांब?”

“मला पुढे बसायचंय!” छोटी म्हणाली आणि रडायलाच लागली. “माझी जागा आहे ती! आई, सोड ना!”

लेकीने तिला घट्ट जवळ ओढलं. गाडीचं इंजिन चालू होतं. आप्पांनी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघितलं. समोर गल्ली होती असा त्यांचा विश्वास होता.

“पुढचं गणित केलंस तू,” ते म्हणाले.

“हो.”

“तिथेच? साहेबांपुढे?”

“तिथेच. अठ्ठावीसमध्ये थांबणारी गाडी पंचेचाळीसमध्ये थांबली नाही.” तिचा आवाज चिरकला. “तुम्ही पन्नासनेच होतात हे मीच सिद्ध केलं आप्पा. मग उशीर कशाने झाला, एवढंच उरत होतं. निशाण हलवणारा माणूस होता तिथे.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलू? तुम्ही बोलाल म्हणून दोन दिवस थांबले. काल फोन हातात घेऊन बसले होते शाळेला करायला. नाही झालं माझ्याने.” ती आता सरळ सरळ रडत होती. “तुमची गाडी मी कशी काढून घेऊ?”

“म्हणून हिला तेवढी ठेवून घेतलीस.”

लेकीने छोटीच्या दप्तराचा पट्टा सारखा केला.

“आणि पुढच्या थांब्यावरची?” आप्पा म्हणाले. “ती जुळी पोरं आहेत, ती? आणि तो चष्मेवाला? त्यांच्या आयांना येतं का बटणांचं गणित?”

हे त्यांनी रागाने विचारलं होतं, लेकीला. पण शब्द तोंडातून बाहेर पडले आणि वळून त्यांच्याच अंगावर आले. कारण ती पोरं तिच्या गाडीत बसत नव्हती. आप्पांच्या गाडीत बसत होती. रोज सकाळी खिडकीतून हात बाहेर काढू नका म्हणून ते ज्यांना दटावत, ती सगळी या क्षणी आपापल्या दारात दप्तर लावून उभी होती आणि गाडीची वाट बघत होती. खिडकीतून हात बाहेर काढू नका! आप्पांना हसू आलं, आणि ते अर्धवटच राहिलं. त्यांना लाज वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी उघडी, कुठे तोंड लपवावं ते न कळणारी लाज.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की छोटीने रडणं थांबवून वर बघितलं.

आप्पा दार उघडून खाली उतरले. दाराची मूठ, पायरी, गटाराची कड, सगळं पाठ होतं. लेकीच्या समोर येऊन उभे राहिले आणि खिशातून फोन काढला.

“शाळेत सांगतो, गाडी येत नाही. दुसरी पाठवा, लंबूला पाठवा. थांब्यांवर पोरं उभी आहेत.” ते फोनच्या काचेकडे बघत राहिले. अंगठा काचेवर इकडून तिकडे फिरला, थांबला, पुन्हा फिरला. लेक ते बघत होती. ती मदतीला पुढे झाली नाही. तिने ओठ दाताखाली घट्ट धरले होते.

शेवटी त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

“नंबर तू लाव,” आप्पा म्हणाले. “मला दिसत नाही.”